रुसलेल्या राणीचं चाक

रथाला दगडाचं चाक असतं, असं मी एकदा चार शिकलेल्या माणसांपुढे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. दगडाचं. काळ्या फत्तराचं, चार गड्यांना जागचं हलणार नाही एवढं. त्याला घोडे जुंपले असते तर घोडे जागीच बसले असते, आणि हत्ती जुंपले असते तर हत्तींनी राजीनामे दिले असते. पण एवढा विचार करण्याइतकी अक्कल तेव्हा मला नव्हती. शिक्षण मात्र होतं. बी.ए. होते मी, आणि तेही इतिहास घेऊन.

आम्ही नुकतंच यवतमाळच्या बाहेर एका ले-आउटमध्ये घर बांधलं होतं. 'बाहेर' हा शब्द आता माझ्या नातीला कळत नाही. आता लोहारा काय, वाघापूर काय, उमरसरा काय, सगळी गावं शहराच्या पोटात गेली आहेत. कुठं गाव संपलं आणि कुठं शहर लागलं हे फक्त घरपट्टीवरून कळतं. पण तेव्हा कपाशीच्या शेतात दगड रोवून रस्ते आखले की त्याला ले-आउट म्हणायचे. दिवेलागणीला कोल्हे ओरडायचे. बाजारात जायचं तर आम्ही म्हणायचो, "गावात जाऊन येतो." म्हणजे आपण राहतो ते गाव नव्हे, हे आम्हीच कबूल करून बसलो होतो.

माझं माहेर नेरचं. यवतमाळला दिली म्हणून मी नेरभर मिरवून आले होते. दत्त चौकात संध्याकाळी फिरायचं, टॉकीजला जायचं, दुर्गादेवीचे देखावे घरातून निघून पायी बघायचे, अशी माझी स्वप्नं. आणि आमच्या ह्यांनी मला आणून टाकलं तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या रानात. मी रुसले. साधंसुधं नाही; स्वयंपाक करायचा, वाढायचा, पण बोलायचं नाही, अशी महिनोन् महिने रुसले. एका जागी बसवत नसे. दारातून कुंपणाकडे, कुंपणाकडून दारात. त्या येरझारांनी आमच्या अंगणात पायवाट पडली होती, हे खोटं वाटेल, पण खरं आहे.

अशात आमच्या थोरल्या नणंदबाई आल्या. त्या राहायच्या भर बाजारात, अगदी मेन लाइनजवळ, आणि ते त्या दर वाक्यात एकदा तरी सांगायच्या. बरोबर त्यांचे यजमान आणि नागपूरचे दोन पाहुणे. माझं सासर पिढीजात कचेरीतलं, सगळे पेन खिशाला लावणारे. नणंदबाईंनी ओट्यावर उभं राहून चारी दिशा पाहिल्या आणि आमच्या ह्यांना विचारलं, "काय रे, वाघ दिवसा येते का रात्री?"

सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "पाहुण्याले इथं दाखवाचं तरी काय, वहिनी? काटेरी तार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "चला, दाखवते."

आमच्या घरासमोर ले-आउटची मोकळी जागा होती. सगळे त्याला ओपन स्पेस म्हणायचे. कमरेएवढा तरोटा. त्याच्या मधोमध मातीत अर्धं रुतलेलं, तिरकं उभं असं हे दगडी चाक, मध्ये भोक. भोवती घडीव दगडांचा गोल चर, मातीनं भरत आलेला. मी रोज ते बघत होते आणि ते काय आहे याचा एकदाही विचार केला नव्हता.

"हे काय व?" नणंदबाई म्हणाल्या.

"रथाचं चाक." हे माझ्याच तोंडून निघालं. मी स्वतः कानांनी ऐकलं.

"कोणाच्या रथाचं?"

"राणीच्या. इतिहासात आहे."

नणंदबाईंचे यजमान हिशेबी माणूस. त्यांनी चराकडे बोट केलं. "मग हा चर गोल कसा? रथ काय घाणीच्या बैलासारखा फिरत होता?"

बघा. माणसानं उत्तर माझ्या ओंजळीत आणून ठेवलं होतं. त्याला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मी इतिहासाची पदवीधर! मी म्हणाले, "राणी रुसली होती. तिला समजवायला राजानं इथं रथाच्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला राणी हसली, आणि चाक निखळलं."

नागपूरचे पाहुणे "वा वा" म्हणाले. आमचे हे इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नणंदबाई गप्प झाल्या, आणि त्यांना गप्प झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. म्हणून मला त्या थापेचा पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट घरी येऊन मी ह्यांच्याशी बोलायला लागले.

नणंदबाईंनी ती गोष्ट गावात नेली. आपल्या भावाच्या घरासमोर राणीचा रथ मोडला, हे त्यांच्या भिशीत त्यांच्या मालकीचं झालं. तिथून ती ऑटोवाल्यांकडे गेली. आमच्या ले-आउटला एका संताचं चांगलं नाव आहे, पण ते कोणाला सांगितलं तर पोस्टमनसुद्धा विचारात पडतो. ऑटोवाले स्टँडवर ओरडतात, "चाक, चाक, चाक! दोन शीट, चाक!" आणि लोक बसतात.

मग माझी आई आली. नेरहून एस.टी.नं, मांडीवर मुगाच्या वड्यांचा डबा घेऊन. मी मोठ्या तोऱ्यात तिला चाक दाखवायला नेलं आणि सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. आईनं ऐकून घेतलं. मग पदर तोंडात कोंबला. मग तिथंच तरोट्यात बसली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"माय व माय! रथ म्हणते हे! अवं, चुन्याची घाणी हाय ते. चरात चुना न् रेती टाकाची, बैल जुपाचा, न् हे चाक गरागरा फिरवाचं. आंधी शिमीट कुठं होतं? सगळे वाडे, विहिरी, पूल, असा चुना घोटूनच बांधले." आणि हसू थांबल्यावर, डोळे पुसत, हळू आवाजात, "तुह्या आज्यानं जल्म काढला बैलामागं फिरून. नेरले, आपल्या जुन्या घरामागं होती ना घाणी. तू तिच्या चरात घरकुल मांडून खेळली आहेस, पोट्टे. इसरली?"

विसरले होते. म्हणजे पुरती विसरले नव्हते. सासरी कचेरीतली माणसं म्हणून मी ते सगळं सोयीनं गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. वडील मास्तर होते एवढं सांगायचे. आईचा बाप बैलामागं फिरायचा, हे सांगायचं कारण पडलं नव्हतं.

आईनं काय करावं? घरातून कुंकवाचा करंडा आणला, चाकाला हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं. "माह्या बापाचं हाय," म्हणाली. त्याच वेळी समोरच्या घरातल्या दोघीजणी खिडकीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचंही हळदकुंकू चाकावर होतं. मी सांगायला गेले नाही. संध्याकाळी ह्यांना तेवढं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पोट धरून हसले आणि म्हणाले, "आता मागे घेशील तर ताई जगू देणार नाही. राहू दे रथ."

राहिला. नुसता राहिला नाही, धावायला लागला. कोणीतरी नवी लुना घेतली आणि बायकोला मागं बसवून चाकाभोवती तीन फेऱ्या मारल्या, का तर गाडी रुसू नये आणि बायकोही. ती लुना म्हणे कधी बंद पडली नाही. झालं! मग स्कूटरी, मग फटफट्या, ऑटो, एकदा तर नवा कोरा ट्रॅक्टर. तरोटा आपोआप तुडवला गेला. दसऱ्याला आणि धनत्रयोदशीला तर आमच्या दारापर्यंत नव्या गाड्यांची रांग. हार घातलेल्या, हॅण्डलला लिंबू-मिरची बांधलेल्या, मागे नवी साडी नेसून बसलेल्या बायका, आणि त्यातल्या निम्म्या खरोखरच रुसलेल्या.

त्या गर्दीच्या कडेला एक दिवस नारळवाली आली. आधी टोपल्यात लिंबं घेऊन, मग नारळ, मग हार, मग छत्री लावलेली हातगाडी. उंच, खणखणीत आवाजाची बाई. नवरा मिळेल ते काम करायचा, नाही मिळालं तर घरी बसायचा. घर हिच्या गाडीवर. लेक आता नर्सिंगला, शेवटच्या वर्षाला. गिऱ्हाइकांशी ती लाडानं वागायची नाही. "ओ भाऊ, लिंबू चाकाखाली ठेवा, वहिनीच्या पायाखाली नाही!" "नारळ फोडून राह्यले का डोकं? जोरात हाणा!" मला ती काकू म्हणायची. तिच्या गाडीशेजारी उलट्या क्रेटवर बसून मी किती दुपारी घालवल्या असतील. माझ्या थापेवर तिचा संसार उभा आहे, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं.

आणि मागच्या पावसाळ्यात आमचे नगरसेवक घरी आले. पोरगाच तो, माझ्या नातवाच्या वयाचा, पण पांढरा शर्ट घातला की माणूस आपोआप भाऊ होतो. सोफ्यावर बसून मोबाइल पुढे केला.

"आजी, लोहाऱ्याले महादेवाचं जुनं देऊळ हाय. वाघापूरले टेकडी हाय. आपल्याकडं काय हाय? चाक! आपण तिथं बगिचा करून राह्यलो, अन् ग्रॅनाइटचा फलक. हे पाहा."

मोबाइलवर चार पांढऱ्या घोड्यांचा रथ होता. त्यात सिनेमातली बाई वाटावी अशी राणी, तोंड फुगवून. खाली 'ऐतिहासिक रथचक्र', आणि त्याच्याखाली 'माहिती' म्हणून माझं नाव.

"दसऱ्याले उद्घाटन. तुमच्याच हातानं."

त्या दिवसापासून माझ्या पायाला पुन्हा भिंगरी लागली. तोंडी थाप वाऱ्यावर जाते. ग्रॅनाइटवरची कुठं जाणार? मी नाही म्हणायला दोनदा त्याच्या घराकडे निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. कारण त्या रस्त्यावर नारळवालीची गाडी लागायची. खरं सांगायचं तर आधी हिला सांगायला हवं होतं. मी तिच्यापुढे उभी राहायची, घसा खाकरायची आणि नारळ विकत घेऊन घरी यायची. रोज. सूनबाईंनी आधी चटणी केली, मग वड्या, मग कढी. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आई, आता घाणा लावून तेल काढू का? आणि जरा एका जागी बसा ना. फरशी झिजून राह्यली तुमच्यानं."

शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी क्रेटवर बसले आणि सगळं सांगितलं. ती हार गुंफत होती. गुंफत राहिली.

"म्हंजे रथ नोता?"

"नव्हता."

"अन् राणी?"

"मीच. मीच रुसले होते."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "मंग आता कायले सांगता? इतके वर्स गप राह्यल्या ना? आखीन राहा."

मी माझ्या आजोबांचं सांगितलं. बैलामागं चालून चालून त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगांचं, त्यात शिरलेल्या चुन्याचं. आता दगडावर घोडे कोरले की त्यांचं उरलंसुरलंही गेलं, असं काहीतरी बोलले. मला चांगलं बोलता येतं. तिनं सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, तुमचे आजोबा गेले. मी हाय अजून."

मी उठले. त्या दिवशी तिनं मला नारळही दिला नाही.

मी ठरवलं, गप्प बसायचं. अगदी मनापासून ठरवलं होतं. आजोबांना मनात म्हटलं, थांबा जरा, हिच्या पोरीला नोकरी लागू द्या.

दसऱ्याला मांडव, खुर्च्या, भोंगे. लोक एकमेकांच्या हातावर सोनं ठेवत होते. माझी ओंजळ आपट्याच्या पानांनी भरली. गाड्यांची रांग पार मेन रोडपर्यंत. नारळवालीनं जादा पोती मागवली होती आणि मदतीला लेकीला आणलं होतं. फलकावर पिवळा पडदा. नगरसेवक भाषणाला उभे राहिले. पोरगा बोलतो चांगला. बोलता बोलता त्याला रंग चढला.

"हे चाक साधं नाही, बंधू-भगिनींनो! हे राजघराण्याचं चाक! या चाकाले कधी कोण्या साध्यासुध्या माणसाचा हातसुद्धा लागला नाही!"

आणि मग, पुन्हा एकदा, माझ्या तोंडून काहीतरी निघालेलं मी माझ्याच कानांनी ऐकलं. "लागला होता रे," मी म्हणाले. खुर्चीत बसून, हळूच. पण मानाच्या पाहुण्या म्हणून माझ्या पुढ्यातही माइक ठेवलेला होता.

मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. आता उठणं भाग होतं. उठले, आणि सगळं सांगितलं. नणंदबाई, घोडे, हत्ती, आई तरोट्यात बसून हसली ते, चुना, बैल, नेरची घाणी. लोक हसले. खूप हसले, मी हसवलंच तसं. टाळ्या पडल्या. शाळेच्या एका सरांनी तर पुढे येऊन माझ्या पायांना हात लावला. मी त्या टाळ्यांत फुगले होते, म्हणून नारळवालीच्या गाडीकडे मी जरा उशिराच पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती रांगेकडे बघत होती.

रांगेतल्यांनी त्या दिवशी फेऱ्या मारल्या. आले होते, हार घातले होते, काय करतील? पण एकेकजण गालात हसत मारत होता, जशी लहान पोरांची समजूत काढावी तशी. मागून एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चला ना मारोतीले जाऊ. चुन्याच्या घाणीले कायले नारळ फोडता?" आणि ती गाडी रांगेतून निघाली. मग तिच्यामागे आणखी एक.

धनत्रयोदशीला आमच्या दारात गाडी नव्हती. सगळ्या मेन रोडच्या मारोतीला गेल्या. तिथं नारळवाल्यांच्या जागा आधीच ठरलेल्या, हिला कोण उभं करतो? नवा फलक लागला. त्यावर बैल आहे, चर आहे, 'चुन्याची घाणी' असं मोठ्या अक्षरांत आहे, आणि बैलामागं चालणारा माणूसही चित्रकारानं काढला आहे, टाचा मात्र गुळगुळीत. शाळांच्या सहली येतात. सर पोरांना मोर्टार म्हणजे काय ते समजावतात. पोरं चाकाच्या भोकातून डोकावून फोटो काढतात. चांगलं दिसतं सगळं. स्टँडवरचे ऑटोवाले अजून "चाक, चाक" ओरडतात. फक्त छत्री लावलेली गाडी नाही.

ती बायपासच्या वळणावर गेली आहे, असं मला ऑटोवाल्यानंच सांगितलं. मी बरेच दिवस गेले नाही. मग घरात बसवेना. देवघर आवरलं, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा विस्कटून आवरलं. सूनबाई म्हणाल्या, "जाऊन या, आई. काय बोलतील ते बोलतील."

बायपासवर सावली नाही. ट्रक जातात, धूळ उडते, थांबत कोणी नाही. रस्त्याच्या त्या बाजूला एकटा पळस, आणि या बाजूला तिची गाडी, अर्धे नारळ, चार हार, तेही माना टाकलेले. मला ऑटोतून उतरताना बघून तिनं तोंड फिरवलं. मग बहुतेक माझे गुडघे बघून तिला दया आली असावी; क्रेट उलटा करून पुढे सरकवला, बाटलीतलं पाणी दिलं. मी विचारलं, लेक कशी आहे. म्हणाली, परीक्षा आहे. मी विचारलं, धंदा. तिनं रस्त्याकडे हात केला, बघा म्हणून. माझे डोळे भरून आले. म्हातारपणी ते लवकर भरतात, त्यात फार काही नसतं. मी म्हणाले, "चुकलं गं माझं."

"पह्यल्या बारी चुकलं का दुसऱ्या बारी?" तिनं विचारलं.

मला खरंच सांगता येईना. अजूनही येत नाही. मी पदरानं नाक पुसत बसले. एक नवी कोरी फटफटी हार घालून आमच्यासमोरून गेली, मागं बायको, आणि वेग कमी न करता मारोतीकडे वळली. ती धूळ बसेपर्यंत नारळवाली तिकडे बघत होती. मग तिनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली, टोपण लावलं, आणि म्हणाली:

"रडनं सोडा न् कामाचं बोला, काकू. तो समोरचा पळस दिसते ना? त्याच्याखाली कोण बसलं होतं ते सांगा पटकन, मले बोहनी कराची हाय. अन् या बारीनं जरा असं कोणी पाहा, का ज्याच्यात तुमचे नातेवाईक नसतीन."